तुमचं संपल्यावर

सातच्या शिफ्ट मीटिंगला फळ्यावर ‘५ मिनिटे’ लिहिलेलं असतं. अक्षर माझंच. पण सातवीत तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत ढाल मारलेल्या माणसापुढे भोसरीच्या प्रेस शॉपमधली बावीस माणसं आयती उभी केली, तर पाच मिनिटांत कसं भागणार?

ढालीचं सांगायलाच हवं. चौथ्या मिनिटाला पहिली घंटा झाली, पाचव्याला दुसरी. मी ‘अध्यक्ष महोदय’ म्हणत पुढे निघालोच. शेवटी घंटेवाले गुरुजीच दमले. ढाल फिरती होती, वर्षाने परत करायची होती. ती अजून आमच्या कपाटात आहे, आई दर दिवाळीला पितांबरीने घासते.

४ मार्च हा माझा सण. १९६६ साली याच दिवशी राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, म्हणून कारखान्यांतून सुरक्षा दिन पाळतात, शपथ घेतात. शपथ दोन मिनिटांची, माझं प्रास्ताविक वीस. आमच्याकडे आवाज फार. ८ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा, म्हणून मीच कानीकपाळी ओरडून इअरप्लग सक्तीचे केले. मीटिंगला माणसं ते घालूनच येतात, याला मी इतके दिवस शिस्त समजत होतो.

परवा घसा पार बसला. खुणेनेच आमच्या सर्वांत जुन्या ऑपरेटरला पुढे केलं. काका बोटांवर मोजत बोलले. “तीन नंबरच्या प्रेसचं पेडल सैल आहे, कुणी चालवू नका. दोन नंबरला पोरगा नवा आहे, त्याला एकटा सोडू नका. डाय बदलताना मेन स्विच बंद. चला.” मिनिटभरही लागलं नाही. तिसरा मुद्दा मोजताना बोट अर्धंच होतं. ते तसं का, हे मी अकरा वर्षांत विचारलेलं नाही.

“पेडल कधीपासून सैल आहे?” मी घोगऱ्या आवाजात विचारलं.

“झाले चार दिवस.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुमचं संपल्यावर सांगणार होतो, साहेब. तेवढ्यात भोंगा व्हायचा.”

त्या दिवशी प्रेसला कुलूप लावून, फिटर येईपर्यंत मी तिथेच बसून राहिलो. चार दिवस कुणाकुणाचे हात तिथे गेले असतील, ते मनातल्या मनात मोजत.

काल घसा सुटला. तीन वाक्यं बोललो आणि “कुणाला काही सांगायचंय?” म्हणून गप्प उभा राहिलो. शांतता. मग मागून कुणीतरी हळूच इअरप्लग काढला.

“साहेब, अजून बरं वाटत नाही का?”