भ्रमनिरासे आले!

भ्रमनिरासे गाडीतून उतरले की आधी कमरेवर हात ठेवतात. मग माडांची रांग, तिच्या मागचं सुरूचं बन, आमच्या पडवीतला झोपाळा आणि झोपाळ्यावर तांदूळ निवडत बसलेली आमची आई, असं सगळं डावीकडून उजवीकडे एकदा बघून घेतात आणि म्हणतात, “अच्छा. हे होय ते!”

तिथेच आमचा निकाल लागलेला असतो. पुढचे दोन दिवस फक्त निकालपत्राचं वाचन.

नागावात घरगुती राहण्या-जेवणाची सोय करणाऱ्या प्रत्येक घराला भ्रमनिरासे ठाऊक आहेत. रजिस्टरात आडनाव वेगळं असतं, पत्ता कधी डोंबिवलीचा, कधी कोथरूडचा, क्वचित थेट न्यू जर्सीचाही. पण माणूस तोच. वय पंचेचाळिशीच्या पुढे, पायात कोऱ्या सँडल, हातात मोबाइल आणि मोबाइलमध्ये पुरावा. पुरावा म्हणजे कोणीतरी ड्रोनवरून काढलेला काशीदचा फोटो. त्यात पाणी मोरपिशी, वाळू पिठीसाखरेची आणि माणूस एकही नाही. भ्रमनिरासे तो फोटो हात लांब करून खऱ्या समुद्राशेजारी धरतात आणि मला बोलावतात. “मालक, हे बघा. आणि आता हे बघा.” दुसऱ्या ‘हे’च्या वेळी बोट अरबी समुद्राकडे असतं.

मी समजावून सांगतो. धरमतर, कुंडलिका, राजपुरी अशा एकामागून एक खाड्या इथे गाळ घेऊन उतरतात, किनारा उथळ आहे, लाट आली की तळ ढवळून निघतो. वाळू काळपट, कारण सह्याद्रीचा कातळच काळा. तो झिजून झिजून किती गोरा होणार? भ्रमनिरासे शांतपणे ऐकून घेतात. “म्हणजे गढूळच,” ते म्हणतात. तोवर वहिनी घोट्यापर्यंत त्याच पाण्यात उभ्या असतात आणि पोरं खेकड्याच्या बिळात काडी घालत असतात. त्यांना अजून कोणी फोटो दाखवलेला नसतो.

पूर्वी इकडे येईपर्यंत प्रवासात इतके हाल व्हायचे की पोचल्याचाच आनंद व्हायचा. २०२०च्या मार्चपासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो येते. गाडीसकट माणूस तासाभरात पलीकडे. भ्रमनिरासेंचं म्हणणं, “बाहेरगावी आल्यासारखं वाटतच नाही हो.”

नावावरून तर दर वेळी तंटा. “रायगडला आलोय, तर रायगड दाखवा.” तो महाडकडे, डोंगरात, इथून तीनेक तासांवर, असं सांगितलं की ते फसवणुकीची तक्रार नोंदवण्याच्या सुरात विचारतात, “मग या किनाऱ्याला रायगड कशाला म्हणता?” अहो, जिल्ह्याचं नाव आहे. १९८१ पर्यंत कुलाबा होतं. अलिबागचा किल्ला अजून कुलाबाच आहे. हे ऐकून ते खालीच बसतात. “म्हणजे कुलाबा सोडून आम्ही कुलाब्याला आलो?”

त्या किल्ल्याची गोष्ट तर और. भरती-ओहोटीचं गणित इकडे पोराटोरांना येतं. पंचांगातली तिथी घ्यायची, तिची पाऊणपट करायची. येईल त्या आकड्याला भरती. चतुर्थीला तीनला, अष्टमीला सहाला. तिच्या सहा तास मागेपुढे ओहोटी. म्हणजे अष्टमीला भर दुपारी बारा वाजता कुलाबा किल्ल्यात चालत जाता येतं आणि पौर्णिमेला त्याच सुमारास किल्ल्याच्या चौफेर पाणी. हे मी प्रत्येक वेळी फोनवर सांगतो. पण भ्रमनिरासे तिथी बघत नाहीत, लागून आलेली सुट्टी बघतात. भरतीला पोचले तर “किल्ला दाखवायचा आणि रस्ता बुडवून ठेवायचा, याला काय अर्थ आहे?” ओहोटीला पोचले तर “समुद्र कुठंय?” मागे सरकलेल्या पाण्याकडे ते अशा नजरेने बघतात, की जणू आमच्यापैकीच कोणीतरी चांगला समुद्र उचलून आत ठेवलाय, खास पाहुणे आले की काढायला.

घोडागाडीवाल्याशी त्यांचं जे होतं ते मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. भाडं ऐकून भ्रमनिरासे उसळले, “मला काय अलिबागहून आलेला समजलास?” (या वाक्यावर बंदी घाला म्हणून आमच्याकडच्या एकाने उच्च न्यायालयात याचिका केली होती. २०१९ मध्ये ती फेटाळली गेली, त्यामुळे वाक्य कायदेशीर आहे.) घोडागाडीवाला लगाम आवळत म्हणाला, “नाही साहेब. अलिबागहून आला असतात तर पन्नास कमी सांगितले असते.”

तिथून स्वारी जंजिऱ्यावर. या किल्ल्यावर शिवाजी महाराजांनी मोहिमा काढल्या, संभाजी महाराजांनी १६८२च्या सुमारास समुद्रात भराव टाकून वाट करायला घेतली, पुढे आंग्रे झाले, पेशवे झाले; १९४८ साली संस्थान विलीन होईपर्यंत सिद्दीचा किल्ला कोणाला दबला नाही. भ्रमनिरासेंनी तो पाऊण तासात निकालात काढला. राजपुरीहून शिडाची होडी निघाली. होडी अगदी तटाला भिडेपर्यंत दरवाजा कुठे आहे ते दिसत नाही, हीच त्या किल्ल्याची करामत. होडीवाला ती रंगवून सांगत होता. भ्रमनिरासेंचा शेरा, “बोर्ड लावायला काय झालं?” आत गेल्यावर वाड्याला छप्पर नाही, कलालबांगडी तोफेपाशी फोटो काढणाऱ्यांची रांग, तटावर सावली नाही. चहूकडे खारट पाणी आणि मधोमध गोड्या पाण्याचं तळं, या आश्चर्यापाशी वाटाड्या थांबला तेव्हा साहेबांनी विचारलं, “बाटलीतलं पाणी कुठे मिळतं?”

परतताना कोर्लईला थांबले. पोर्तुगिजांनी मागे ठेवलेली एक भाषा त्या गावातली ख्रिस्ती मंडळी अजून घरात बोलतात, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. संध्याकाळी आले ते हिरमुसलेले. “कसली पोर्तुगीज! मला तर ‘गाडी मागे घ्या, ओऽऽ’ असं चक्क मराठीत सांगितलं.”

तसं बघायला गेलं तर ही परंपरा जुनी आहे. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन नावाचा रशियन व्यापारी शेजारच्या चौल बंदरात उतरला. आणलेला घोडा पुढे जुन्नरला तिथल्या खानाने काढून घेतला, तो सोडवता सोडवता पुरेवाट झाली. आणि गडी लिहून काय गेला? तर आपल्याला थापा मारल्या. इथे आपल्या देशात नेण्याजोगा माल भरपूर म्हणून सांगितलं होतं, प्रत्यक्षात आपल्या कामाचं काही नाही. हा आमच्या किनाऱ्यावरचा नोंद असलेला आद्य भ्रमनिरासे. त्याचं रेवदंड्यात स्मारक आहे. आमच्या साहेबांना मी ते दाखवायला नेलं होतं. “एवढंसंच?” ते म्हणाले.

भ्रमनिरासेंची खरी कला ऋतू निवडण्यात आहे. जानेवारीत येऊन हापूस मागायचा, मेमध्ये पोपटी, आणि जंजिरा जुलैत, होड्या वर ओढून ताडपत्रीखाली झाकलेल्या असतात तेव्हा. एकदाच त्यांचा नेम चुकला आणि ते पोपटीला ऐन थंडीत सापडले. वाडीत मडकं लावलं. तळाला भांबुर्डीचा पाला, वर वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा, मध्ये अंडी, मसाला चोळलेली कोंबडी केळीच्या पानात बांधून, पुन्हा शेंगा, आणि तोंडाशी पाला गच्च कोंबून मडकं उपडं. आत पाण्याचा थेंब नाही. भोवती पेंढा आणि लाकडं पेटवली. अर्ध्या तासाने मडक्यावर पाणी शिंपडून बघायचं, चर्र होऊन जागच्या जागी सुकलं की झाली पोपटी. भ्रमनिरासे खुर्ची घेऊन बसले होते. धूर डोळ्यांत जातो. अंधारात काय खातोय ते दिसत नाही. “शेंगा आपणच सोलायच्या का?” हो, आपणच. रात्री केर काढताना बघितलं तर सालांचा सगळ्यात मोठा ढीग त्यांच्या खुर्चीखाली होता. सकाळी अभिप्रायाच्या वहीत मजकूर: ‘पोपटी ठीक. ऐकलं होतं तेवढी नाही.’

अर्थात सगळंच त्यांचं चुकतं असं म्हणता यायचं नाही. सुट्टीच्या दिवशी आमच्या पुळणीवर चार चाकांच्या त्या फटफट्या सुटतात, तेव्हा मलाही समुद्राचा आवाज येत नाही. चिप्सच्या पिशव्या ओहोटीबरोबर जातात आणि भरतीबरोबर इमानाने परत येतात. ‘सी फेसिंग’ अशी पाटी लावलेली काही ठिकाणं मी जाऊन बघितली आहेत. गच्चीवरच्या टाकीवर चढलं तर समुद्र दिसतो. पण गंमत अशी, की या गोष्टींवर भ्रमनिरासे फारसं बोलत नाहीत. फटफटीवर ते स्वतः दोन फेऱ्या मारून आलेले असतात. त्यांचं भांडण असतं ते आम्ही ज्याला हात लावू शकत नाही त्याच्याशी: पाण्याचा रंग, चंद्राची तिथी, जिताड्याचे काटे.

जाताना शेवटचा बाण ठरलेला. “कोकण बघायचं तर तारकर्ली. पाणी कसं काचेसारखं!” पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाईट वाटलं. माझा साडू मालवणकडे हाच धंदा करतो. गेल्या दिवाळीत त्याचा फोन आला, “अरे, तुझे ते कमरेवर हात ठेवणारे साहेब आमच्याकडे उतरलेत. रोज संध्याकाळी ऐकवतात. पाणी निळं आहे, पण नागावची मजा नाही म्हणे. तिथला समुद्र कसा आपला वाटतो! आणि पोपटी म्हणजे काय, ते तुम्हा लोकांना कळायचं नाही, म्हणाले.”

डिसेंबरात मात्र अघटित घडलं. रविवार आणि अष्टमी एकाच दिवशी आली. साहेब बाराच्या ठोक्याला अलिबागच्या किनाऱ्यावर, पाणी मागे, किल्ल्यापर्यंत कोरडी वाट. घोडागाडीवाल्याने आपणहून रास्त भाडं सांगितलं. आत राघोजी आंग्र्यांनी बांधलेल्या देवळात गणपतीचं निवांत दर्शन झालं, गर्दी नाही. घरी आले तर जिताडा ताजा, सोलकढी थंड, वालाचं बिरडं त्यांना लागतं तसं गुळचट. खोलीतला गीझर पहिल्या झटक्यात चालू झाला.

दुपारपासून भ्रमनिरासे अस्वस्थ. त्यांनी चादर उलटून बघितली. नळ सोडून बंद करून बघितला. एकदा बाहेर येऊन माड मोजले. मोबाइल काढून समुद्राशेजारी धरला, तर थंडीच्या उन्हात त्या दिवशी पाणीही चक्क निळसर. वहिनींनी हळूच विचारलं, “अहो, बरं वाटत नाहीये का?” आईने ओवा आणून दिला. निघताना अभिप्रायाची वही उघडून ते बराच वेळ पेन धरून उभे राहिले आणि काही न लिहिता वही मिटून गाडीत जाऊन बसले. परतीचं रो-रोचं तिकीट मिळालं नव्हतं, त्यामुळे रस्त्याने निघाले.

रात्री नऊला फोन. मी घाबरूनच उचलला.

“मालक! वडखळ!” आवाज कसा खणखणीत, टवटवीत. “दीड तास झाला, गाडी जागची हलली नाही. पुढे ट्रक, मागे ट्रक. पोरगा रडतोय. २०११ पासून काम चाललंय म्हणे या महामार्गाचं! तुमची ती वही जवळ आहे का?”

“आहे, साहेब.”

“मग घ्या लिहून, मी सांगतो.” त्यांनी घसा खाकरला. “पहिला मुद्दा. तारकर्लीला जायचं तर हे असलं काही सोसावं लागत नाही.”

डोंबिवलीहून याच महामार्गाने तारकर्लीला जायचं झालं तरी वडखळ लागतंच, हे मी बोललो नाही. मुद्दा क्रमांक दोन उतरवून घ्यायला पान उलटलं.