पांढरा ड्रेस, लातूरचं पाणी

पांढरा रंग म्हणजे निर्मळ मन, असं कराटेच्या वर्गात पहिल्याच दिवशी सांगतात. नांदेड-लातूरकडच्या पोराला हे पचायला जड जातं. या दोन जिल्ह्यांनी राज्याला चार मुख्यमंत्री दिले. कडक इस्त्रीचा पांढराशुभ्र कपडा इथे निवडणुकीच्या तोंडावर उदंड दिसतो, आणि त्यावरून मनाचा अंदाज बांधायला कुणी धजत नाही.

मुळात वर्गातला हा पांढरा ड्रेस कराटेचा नव्हेच, ज्यूदोचा. १८८२मध्ये कोदोकान ही ज्यूदोची शाळा काढणाऱ्या जिगोरो कानोंनी तो झटापटीत फाटू नये असा जाडजूड करून घेतला. ओकिनावात घरच्या कपड्यांवर चालणाऱ्या कराटेनं १९२०च्या दशकात तो आपलासा केला. अर्थबिर्थ मागाहून चिकटले असावेत, असा माझा संशय. एक नियम मात्र पक्का: डावी बाजू वर, उजवी आत. उलटं घालतात ते प्रेताला. आमची निम्मी पोरं पहिला आठवडाभर प्रेतासारखीच नटून, हसत उभी असतात.

बेल्टचे रंग लातूरला चटकन उमजले. काळा पट्टा कानोंचा. मधले पिवळे, नारिंगी, हिरवे टप्पे युरोपात रूढ झाले ते १९३०च्या दशकात पॅरिसला शिकवणाऱ्या मिकिनोसुके कावाइशींमुळे. थोडं शिकलं की थोडं पदरात पडावं, ही तिथल्या शिष्यांची गरज. सराव परीक्षांवर पोसलेल्या ‘लातूर पॅटर्न’ला यात नवं ते काय! ‘पुढचा बेल्ट कधी?’ हे पोराआधी आईच विचारते.

नांदेडची गोष्ट निराळी. हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या वाटेवर निळ्या बाण्यातले निहंग, म्हणजे शीख योद्धे, दिसतात. डोक्यावर उंच पगडी, दुमाला, त्यावर पोलादी चक्र. योद्ध्याचा वेश काहीतरी सांगत असतो, हे तिथल्या पोराला जपानकडून शिकावं लागत नाही.

घामानं-मातीनं पांढरा पट्टा काळा होत गेला, म्हणून तो कधी धुवायचा नाही, अशी एक दंतकथा जगभर फिरते. खोटी आहे, पण लातूरला सोयीची आहे. एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या गावात पांढरा ड्रेस रोज धुवायचा कुणी? टोकियोत पाऊस भरपूर पडतो, त्यांना रंग निवडायला काय जातंय!

तेव्हा पालकहो, पट्टा राहू द्या, ड्रेस तेवढा धुवा. आणि शक्यतो ज्यानं मळवला त्यालाच धुवायला लावा.