सप्लाय

गाडीत ड्रायव्हरशेजारची जागा खरं तर वयस्कर माणसाची, नाहीतर गाडी लागणाऱ्या पोराची. पेठ वडगावातून सहल निघाली की ती तिसऱ्यालाच द्यावी लागते, कारण सिगारेट लायटरचं सॉकेट तिथं असतं. या माणसानं जन्मात विडी ओढलेली नसते. पण गावातल्या कुठल्या गाडीचं सॉकेट किल्ली काढल्यावरही जिवंत राहतं आणि कुठलं मरतं, हे त्याला तोंडपाठ असतं. असा एक नमुना दर गल्लीत सापडतो. आमच्या गल्लीतल्याला 'सप्लाय' म्हणतात. रेशनकार्डावर वेगळं नाव आहे, ते रेशन दुकानदाराला माहीत.

सहलीची बोलणी सुरू झाली की कुणी विचारतं, निघायचं कधी; कुणी विचारतं, जेवण कुठं. सप्लाय विचारतो, "गाडी कुठली सांगितलीया?" बोलेरो म्हटलं की त्याचा चेहरा खुलतो. छोटी पेट्रोल गाडी म्हटली की पडतो. "पस्तीस अँपिअरची बॅटरी. तिच्यावर काय वाजवायचं, घंटा?" आणि सौंदत्तीला ट्रकनं जायचं निघालं तर तो दोन दिवस आधीच तळमळायला लागतो, कारण ट्रकला 12 च्या दोन बॅटऱ्या जोडून 24 व्होल्ट केलेले असतात. कुणी तरी सुचवतंच, "त्यातल्या एकीवरनं घे की तुझे बारा." यावर सप्लाय त्याच्याकडं असा बघतो की सुचवणाऱ्यानं आईच्या दोन बांगड्यांतली एक मोडायला सांगितली असावी. मग अर्धा तास ऐकावं लागतं : एकीवरनंच करंट ओढला की ती उपाशी राहते, दुसरीला जास्तीचं चार्जिंग होतं, आणि शेवटी दोघीही जातात.

त्याचं शिक्षण रिक्षात झालं, म्हणजे जाहिरातीच्या रिक्षात. कुस्त्यांचं मैदान असो, नाटक असो, नाहीतर निवडणूक. टपावर कर्णा, मागच्या सीटवर अहुजाचा अँप्लिफायर आणि पायाशी बॅटरी. त्या अँप्लिफायरला मागच्या अंगाला घरच्या विजेची वायर तर असायचीच, शिवाय 12 व्होल्टच्या बॅटरीसाठी वेगळी टर्मिनलं असायची. बाकीची पोरं रिक्षामागं कागद गोळा करत धावायची, हा टर्मिनलं बघत धावायचा. अजूनही सोमवारच्या बाजारात कांद्याला पाठवलं तर परत येऊन वहिनींना सांगतो की कुठल्या गाड्यावरच्या भोंग्याला स्कूटरची बॅटरी आहे. कांदे राहिलेले असतात.

असल्या संस्कारात वाढलेल्या माणसाला इन्व्हर्टर कसा पटावा? गेल्या पावसाळ्यात मंडळाची गणपतीपुळ्याची सहल निघाली. वाटेत माइकवर गायचं म्हणून छोटा मिक्सर, दोन माइक, स्पीकर, सगळा संसार बरोबर. एका उत्साही पोरानं नवाकोरा इन्व्हर्टर आणला. सप्लायनं तो उलटासुलटा करून बघितला. "ह्यो बाराचे दोनशे तीस करणार. आणि मिक्सरचा अडॅप्टर काय करतो? दोनशे तिसाचे परत बारा. वडगावातनं वाठारला जायला कोल्हापूरला वळसा कशाला रे मर्दा?" पोरगं गप्प. खरं सांगायचं तर बोलणं बिनतोड होतं. प्रत्येक फेरीत थोडी वीज उष्णता होऊन जाते, आणि दीडशे वॅटचा इन्व्हर्टर पुरा चालवला तर सॉकेटमधून 14-15 अँपिअर ओढतो. म्हणजे फ्यूज उडायच्या बेतातच. सप्लायनं आपली डबी काढली. गाडी सुरू असताना बाराचे चौदा होतात, ते परत नेमके बारावर आणणारी. तिला बिचारीला पंखाही नव्हता, दिवाही नव्हता, त्यामुळं कुणाला कौतुक वाटलं नाही.

वाठार, कोडोली, बोरपाडळे सुखात गेलं. मलकापूरच्या पुढं पहिला माइक सुरू झाला आणि स्पीकरमधून बारीक शीळ यायला लागली. ड्रायव्हरनं ॲक्सिलरेटर दाबला की शीळ चढायची, सोडला की उतरायची. गाणाऱ्याला वाटलं आपला सूर हलतोय. ड्रायव्हरला वाटलं पट्टा गेला. सप्लायला मात्र स्वर्ग दोन बोटं उरला. त्यानं डोळे मिटले, मान डोलावली. "अल्टरनेटर बोलतोय."

मग आंबा घाटात चौकशी समिती बसली. एसी बंद. मागच्यांच्या मोबाइलचे चार्जर काढा. काचा खाली, पाऊस आत. शीळ कमी झाली, पण आता दर दोन सेकंदाला 'टक' असा आवाज यायला लागला. सप्लायनं बोट वर केलं. "वायपर. जरा एक मिनिट वायपर बंद कर."

समोर धुकं, एका अंगाला दरी. मागच्या सीटवरून आजी म्हणाल्या, "बाबा, गाणं ऱ्हाऊ दे. आधी रस्ता दिसू दे."

रोग तसा साधा होता. ज्या मोबाइलवरून संगीत वाजत होतं तोच गाडीत चार्जिंगला लावलेला, आणि त्याचीच वायर मिक्सरमध्ये. अर्थिंगला दोन वाटा मिळाल्या की इंजिनाची कुरकुर त्यातून फिरून स्पीकरात येते. मोबाइल चार्जरवरून काढला की शीळ गेली. पण एवढ्यावर भागवील तो सप्लाय कसला? त्यानं पिशवी उपसली : टेस्टर, काळी टेप, मगरचिमटे, फ्यूजची पुडी (लाल दहाचे, निळे पंधराचे), आणि तळातून एक आयसोलेटर. तो मधे घातला आणि 'टक'सुद्धा गेलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. एकानं विचारलं, "काका, गाणं कसं वाटलं?"

"कुठलं गाणं?" सप्लाय म्हणाला.

रात्री मुक्कामाच्या अंगणात मैफल रंगली, इंजिन बंद. बरोबर दहाला यानं स्विच पाडला. "दोन हजार सालचा नियम हाय, रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद." कायद्याचं एवढं प्रेम बघून आम्ही चाट पडलो. नंतर बॅटरी टॉर्चच्या उजेडात त्याच्या मीटरकडं लक्ष गेलं : आकडा 12 च्या खाली सरकला होता. सकाळी धक्का मारायची वेळ आली नाही, तेव्हा त्या नियमाला सगळ्यांनीच मनोमन हात जोडले.

हल्लीच्या पोरांना त्याची गरज उरलेली नाही, असं पोरांना वाटतं. ब्लूटूथ आहे, पॉवर बँक आहे. पुतण्यानं एकदा ऐटीत 20,000 लिहिलेली पॉवर बँक दाखवली. सप्लाय म्हणाला, "ते आतल्या सेलचं, 3.7 व्होल्टला. बाहेर पाच व्होल्टला पंधरा हजारसुद्धा मिळायचं न्हाई." पुतण्यानं मनातल्या मनात भागाकार केला आणि पॉवर बँक खिशात घातली.

आता त्याच पुतण्यानं इलेक्ट्रिक गाडी घेतली आहे. घरी पेढे वाटले, हार घातला, आजींनी लिंबू ठेवलं. सप्लाय गाडीभोवती दोनदा फिरला. खाली शेकडो व्होल्टची बॅटरी असूनही दिवे, हॉर्न आणि सॉकेटसाठी निराळी 12 व्होल्टचीच बॅटरी पुढं बसवलेली असते, हे कळल्यावर त्याला गहिवरूनच आलं. पेढा हातात तसाच. पुतण्यानं लगबगीनं किल्ली खिशात टाकली.

"घाबरू नगं, उघडत न्हाई," सप्लाय वाकून बघत म्हणाला. "नुसतं सांग, फ्यूज बॉक्स ड्रायव्हरच्या अंगाला हाय का डाव्या?"