टॅब्लेटवरून संगणक चालवताना येणारी मंदगती : निदान व उपचार

टॅब्लेटच्या पडद्यावर दुसऱ्या खोलीतला संगणक उघडून तो बोटाने चालवणे, या व्यवहाराला रिमोट डेस्कटॉप म्हणतात; त्यात संगणक आपल्या पडद्याचे चित्र सतत टॅब्लेटकडे धाडतो, टॅब्लेट बोटाच्या हालचाली संगणकाकडे धाडतो, आणि यांपैकी एकाला जरी उशीर झाला तरी माऊसचा बाण बोटामागून फरफटत येऊ लागतो. उठून संगणकापाशी जाऊन बसणे हा उपाय निर्विवाद गुणकारी असला, तरी तो मान्य केल्यास या विषयाचे प्रयोजनच उरत नाही, म्हणून त्याचा विचार येथे केलेला नाही.

लोकमान्य उपचारपद्धतीत प्रथम ‘नेट स्लो आहे’ असे घरभर जाहीर करतात, मग राउटर बंद करून दहा आकडे मोजून पुन्हा चालू करतात, आणि तरीही गुण न आल्यास इंटरनेटचा वरचा प्लॅन घेतात. या पद्धतीतील दोष असा की, दोन्ही उपकरणे एकाच राउटरला जोडलेली असून त्यांची गाठ थेट पडत असेल, तर चित्र घराचा उंबरठा ओलांडतच नाही. त्यामुळे शंभर एमबीपीएसचा प्लॅन तीनशेचा केल्याचा परिणाम केवळ बिलावर दिसतो. मात्र एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर यांसारख्या प्रोग्रॅमना थेट वाट सापडली नाही, तर ते आपल्या मध्यस्थ सर्व्हरमार्फत चित्र पाठवतात, आणि मग हॉलमधून बेडरूमकडे निघालेले चित्र एखाद्या दूरच्या शहराला वळसा घालून येते. जोडणी थेट आहे की मध्यस्थामार्फत, हे निदानाचे पहिले अंग होय.

दुसरे अंग म्हणजे पिंग, अर्थात एका उपकरणाने दुसऱ्याला छोटीशी हाक मारून उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले ते मोजणे. घरातल्या घरात हा आकडा दहाच्या आत आणि स्थिर असावा; तो ४, ६, १८०, ५, २४० असा उड्या मारत असेल, तर त्याच्या सरासरीने समाधान मानू नये, कारण बोटाला सरासरी जाणवत नाही, त्याला फक्त २४० जाणवतो. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे: टॅब्लेट हाताळला जात नसताना त्याचा वाय-फाय रेडिओ बॅटरी वाचवण्यासाठी डुलकी घेतो आणि राउटर साधारणपणे दर १०२ मिलिसेकंदांनी जी खूण प्रसारित करतो तिच्यापुरता जागा होतो, म्हणून निजलेल्या टॅब्लेटला पिंग करून काढलेला निष्कर्ष ग्राह्य धरू नये.

उड्यांचे कारण बहुधा हवेत असते. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल १, ६ आणि ११ असे तीनच आहेत, आणि सोसायटीतील यच्चयावत राउटर त्यांतच दाटीवाटीने बसलेले असतात. शिवाय मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात काम करत असल्याने रात्री आठ वाजता कोणाकडे भाजी गरम होत आहे, याचा अंदाज बाणाच्या चालीवरून बांधता येतो. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात जागा ऐसपैस आहे, पण त्या लहरी भिंतीपुढे लवकर हार मानतात, आणि राउटर तर फायबरची वायर ज्या कोपऱ्यातून घरात शिरली त्या कोपऱ्यात, म्हणजे सहसा चपलांच्या कपाटावर, कायमचा स्थानापन्न झालेला असतो.

त्यातच एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचे असा वाय-फायचा नियम आहे; संगणकही वाय-फायवर असेल तर प्रत्येक चित्र आधी संगणकाकडून राउटरकडे आणि मग राउटरकडून टॅब्लेटकडे, असे दोनदा हवेतून जाते. यावर रामबाण उपाय एकच, तो म्हणजे संगणकाला लॅन केबलने राउटरशी जोडणे, ज्यायोगे हवेतील निम्मी वर्दळ तत्काळ थांबते. उपाय स्वस्त असूनही दुर्मीळ आहे, कारण केबल पॅसेजमधून आडवी जाते, आणि घरातील केर काढणाऱ्या व्यक्तीस या बाबतीत नकाराधिकार असतो. केबल भिंतीच्या कडेने क्लिपा ठोकून नेण्याचे आश्वासन लेखी द्यावे.

चित्राचा आकारही तपासावा. १९२० गुणिले १०८० ठिपक्यांचा पडदा जसाच्या तसा पाठवायचा झाल्यास एका चित्राला सुमारे ६२ लाख बाइट लागतात आणि सेकंदाला ६० चित्रे धरल्यास ३७ कोटी. म्हणून संगणक फक्त बदललेला भाग दाबून लहान करून पाठवतो. स्थिर एक्सेल त्यामुळे हलके जाते, व्हिडिओ जड जातो, आणि फोर-के पडदा चौपट ओझे लादतो. अकरा इंची टॅब्लेटवर तो तपशील कोणालाच दिसत नसल्याने रिझोल्यूशन उतरवावे. वॉलपेपरवरील नातवाचा फोटो जोडणीपुरता लपवण्याची सोयही काही प्रोग्रॅममध्ये असते, मात्र तिचा वापर आजीच्या अपरोक्ष करावा. संगणकच जुना असेल, तर चित्र दाबण्याच्या श्रमानेच त्याचा प्रोसेसर थकतो, आणि अँटिव्हायरसची तपासणी नेमकी त्याच वेळी सुरू होते.

न्यू जर्सीतील मुलाने टॅब्लेटवरून पुण्यातील वडिलांचा संगणक दुरुस्त करणे हा स्वतंत्र प्रकार आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, अंतर सरळ रेषेत साडेबारा हजार किलोमीटरांच्या आसपास आहे, म्हणजे केबल आदर्श असली तरी जाऊन येण्यास १२५ मिलिसेकंद हवेतच, आणि खऱ्या केबल वळणे घेत जातात. ही मंदगती असाध्य मानून खिडक्या ओढत बसण्याऐवजी कीबोर्डचे शॉर्टकट वापरावेत. विंडोजच्या होम आवृत्तीत बाहेरून रिमोट डेस्कटॉपने शिरता येत नाही, आणि प्रो आवृत्तीत शिरल्यास वडिलांसमोरचा पडदा कुलूपबंद होऊन त्यांना वेगळीच काळजी लागते, म्हणून दोघांना एकच पडदा दाखवणारा प्रोग्रॅम निवडावा. तो उघडल्यावर दिसणारा क्रमांक वडिलांनी फक्त मुलालाच सांगावा, ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणाऱ्यास नव्हे. अशा फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते. काम सुरू असताना मात्र वडिलांनी माऊसवरील हात काढून तो चहाच्या कपावर ठेवणे बंधनकारक आहे, कारण एका बाणाचे दोन धनी झाले की जो उशीर होतो, त्यावर कोणत्याही सेटिंगमध्ये इलाज नाही.