ही स्पर्धा नाही बरं का!

सायकलवर 200 किलोमीटर, मुदत साडेतेरा तास. पहिल्याला बक्षीस नाही, शेवटच्याला लाज नाही, कुणालाच नंबर नाही. या प्रकाराला ब्रेव्हे म्हणतात. नियम पॅरिसच्या क्लबाचे, घाट आपल्या सातारा जिल्ह्याचे. पुण्याहून पाचगणीला जायचं आणि परत यायचं. वेळेत पोचलात तर मेडल मिळतं, त्याचे पैसेही आपणच भरायचे.

पहाटे आयोजक बजावतात, "ही स्पर्धा नाही." सगळे माना डोलावतात आणि मनगटावरची घड्याळं चालू करतात.

कात्रजपर्यंत गप्पा रंगतात. विषय एकच, वजन. शंभर ग्रॅम वाचवायला कुणी किती हजार मोजले याचा हिशेब होतो. पोटावरचे दहा किलो मात्र वडिलोपार्जित, त्यांना हात लावायचा नाही.

खंबाटकीत गप्पा थांबतात. वाईत केळी खाऊन होतात आणि समोर पसरणी घाट उभा राहतो. अंतर जेमतेम बारा किलोमीटर, चढ सुमारे 600 मीटरांचा. इथे दमलो असं कुणी म्हणत नाही. कुणी चेन तपासतो, कुणी हेल्मेटचा पट्टा सैल करतो. प्रत्येक वळणावर एकजण तरी धोम धरणाचं पाणी न्याहाळत उभा असतो. एवढी आस्था लाभक्षेत्रातल्या ऊसवाल्यालाही नसेल.

अशाच एका वळणावर म्हातारबा विचारतात, "पावनं, कुठनं?"

"पुण्याहून."

"यष्टी बंद हाय व्हय?"

"नाही आजोबा, हौस. आता परतही सायकलनंच जायचं."

म्हातारबा क्षणभर बघतात आणि हळूच विचारतात, "घरी समदं बरं हाय न्हवं?"

पाचगणीत कार्डावर शिक्का बसतो. उतारावर प्रत्येकाला आपल्या तंदुरुस्तीचा साक्षात्कार होतो. रात्री पुण्यात पोचल्यावर पाय धुण्याआधी स्ट्राव्हा ॲप उघडलं जातं. स्पर्धा नव्हतीच, पण शेजारच्या सोसायटीतला तो आपल्यापेक्षा अकरा मिनिटं मागे होता, एवढं फक्त सहज नजरेस पडतं.

हे सगळं रविवारी. सोमवारी ऑफिस चार किलोमीटरवर, वाटेत घाट नाही, आणि स्वारी कारमध्ये. का? "शहरात सायकल चालवायची सोय कुठाय?" तक्रार खरी आहे. एके काळी सायकलींचं शहर म्हणवणाऱ्या पुण्यात सायकल आराखडा 2017 मध्ये मंजूर झाला, पण जे ट्रॅक आहेत त्यांवर गाड्या उभ्या. नीट पाहिलंत तर त्यांतल्या काही गाड्यांच्या टपावर सायकलचा रॅकही दिसेल.

म्हणून आयोजकांना एक विनंती. पुढच्या ब्रेव्हेत शेवटचा शिक्का सोमवारी सकाळी साडेनऊला ज्याच्या त्याच्या ऑफिसच्या दारात मारा. पसरणी चढलेल्यांपैकी तिथे सायकलवर कितीजण पोचतात, ते मोजा. आणि त्या दिवशी खुशाल नंबर काढा.