पडताळणीस

पेशवाईच्या दफ्तरांत फडणीस, चिटणीस, सबनीस असे जे मानाचे हुद्दे होते, त्यांच्या सनदा राज्याबरोबरच विलयास गेल्या असल्या, तरी महाराष्ट्राच्या ज्या सामाईक प्रवेश परीक्षेला विद्यार्थी, पालक आणि क्लासवाले एकमुखाने ‘सीईटी’ म्हणतात, तिने त्याच घाटणीचा एक नवा हुद्दा समाजाच्या पदरात टाकला आहे, आणि तो म्हणजे पडताळणीस. एप्रिल-मेच्या उन्हात परीक्षाकेंद्राचे फाटक उघडून मुलांचा लोंढा बाहेर पडू लागला, की पाण्याचा घोट घेण्यापूर्वी, हॉलतिकिटाची घडी खिशात सारण्यापूर्वी, किंबहुना तीन तास ताटकळलेल्या तीर्थरूपांच्या छत्रीखाली येण्यापूर्वीच ज्याच्या तोंडून “त्या इंटिग्रेशनचं काय आलं रे?” हा प्रश्न निघतो, तो पडताळणीस समजावा. त्याची नेमणूक कोणी केलेली नसते, त्याला वेतन नसते आणि त्याच्याविरुद्ध दाद मागण्याची सोयही नसते.

या हुद्द्याचे काम वाटते तितके सोपे नाही. गणिताच्या पेपरात प्रश्न ५०, प्रत्येकास गुण २ आणि वेळ ९० मिनिटे. त्यातून २०१९ पासून ही परीक्षा संगणकावर होत असल्यामुळे प्रश्नपत्रिका म्हणून हाती काही उरत नाही, आणि कच्च्या कामाचा कागदही पर्यवेक्षकाच्या स्वाधीन करून यावे लागते. एकाच सत्रात शेजारी शेजारी बसलेल्या दोघांना प्रश्न निरनिराळ्या क्रमाने येत असल्याने ‘सतरावा प्रश्न’ ही खूण फाटकाबाहेर कवडीमोलाची ठरते. सबब सर्व चौकशी तोंडी जबान्यांवर चालवावी लागते, आणि प्रश्नांची ओळख त्यांच्या चेहरेपट्टीवरून पटवावी लागते. “तो रूटवाला”, “तो लाल बॉलवाला”, “तो प्लेनचा, ज्याचं उत्तर घाणेरडं येतं तो” अशा वर्णनांवरून साक्षीदार प्रश्न ओळखतात. कित्येकदा प्रश्न कोणालाच आठवत नाही, परंतु त्याचे उत्तर ‘पाय बाय फोर’ होते यावर मात्र चौघांचे एकमत होते.

त्यातही या परीक्षेत चुकीच्या उत्तराचे गुण वजा होत नसल्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडण्याचा मूर्खपणा कोणी करत नाही, आणि म्हणून साक्षीदारांपैकी निम्म्यांची उत्तरे ‘लागला तर तीर, नाही तर तुक्का’ या न्यायाने निघालेली असतात. परंतु पडताळणीसाच्या दरबारी हा भेद मानला जात नाही. ज्याने एक्सच्या जागी ‘मर्यादांची बेरीज वजा एक्स’ घालून, क्लासमध्ये ‘किंग्ज रूल’ म्हणून शिकवलेली युक्ती वापरून रीतसर ‘पाय बाय फोर’ काढले, त्याचे मत आणि ज्याने शेवटच्या मिनिटाला डोळे मिटून दुसऱ्या पर्यायावर टिचकी मारली, त्याचे मत येथे समान वजनाचे धरले जाते. बहुमताने जे ठरेल ते उत्तर. गणितशास्त्राला हरकत घ्यायची असल्यास त्याने ती नंतर घ्यावी.

एका केंद्रासमोरच्या रसवंतीगृहात घडलेली एक सुनावणी या दृष्टीने उद्बोधक आहे. प्रश्न होता साइन टू एक्सच्या संकलनाचा.

“साइन स्क्वेअर एक्स प्लस सी,” पडताळणीसाने आपले उत्तर, ते सर्वमान्यच असल्याच्या थाटात, नोंदवले.

“मला मायनस कॉस स्क्वेअर आलं,” चष्मेवाला पुटपुटला.

“मग गेला तुझा. दोन मार्क गेले.”

चष्मेवाल्याने रसाचा पेला खाली ठेवला. इतक्यात तिसऱ्याने “अरे, मी तर मायनस हाफ कॉस टू एक्स टिक केलंय” असे सांगून प्रकरणात आणखी गुंतागुंत केली, आणि पडताळणीस त्याच्याही दोन गुणांवर पाणी सोडण्याच्या बेतात असताना, बाजूच्या बाकावर इतका वेळ निमूटपणे रस पीत बसलेली एक मुलगी मान वर न करता म्हणाली, “तिन्ही एकच आहेत. फरक फक्त कॉन्स्टंटचा आहे. आणि ऑप्शनमध्ये यातलं एकच होतं, म्हणजे तुम्ही तिघांनी तेच टिक केलं असणार. बाकीचं तुम्हाला रफमधलं आठवतंय.”

निकाल निर्विवाद होता, कोणाचाही एक गुणसुद्धा बुडाला नव्हता. असे असता तिघांनी एकमेकांच्या पाठी थोपटाव्यात, निदान आणखी एकेक पेला मागवावा, ही सामान्य माणसाची अपेक्षा. पण त्या मंडळींवर जी अवकळा पसरली ती पाहून एखाद्याला वाटावे की तिघांचेही उत्तर चुकले. चष्मेवाल्याला तेवढा थोडा दम आला. पडताळणीसाने मात्र क्षणभर त्या मुलीकडे, सरकारी कामात अडथळा आणणाऱ्या इसमाकडे पाहावे तसे पाहिले, आणि “बरं, त्या प्रोबॅबिलिटीचं काय?” असे म्हणून नवे प्रकरण सुनावणीस घेतले.

या अवकळेतच पडताळणीसाच्या स्वभावाचे मर्म आहे. त्याला बरोबर उत्तर हवे असते हा लोकांचा गैरसमज आहे. तेवढेच हवे असते, तर काही दिवसांत अधिकृत उत्तरतालिका निघते, प्रत्येकाला आपण टिपलेली उत्तरे संगणकावर पाहावयास मिळतात, आणि ज्याला तालिकाच चुकीची वाटते त्याला शुल्क भरून आक्षेप नोंदवण्याची मुभाही असते. तोवर धीर धरणे अवघड नाही. त्याला हवे असते ते आपले बरोबर आणि दुसऱ्याचे चूक, अशा जोडीने आलेले उत्तर. “अरे, झालेल्या पेपरचा कीस कशाला पाडतोस?” असे बजावणाऱ्या वडिलांना हे उमगत नाही, ते बिचारे तिकडे “पन्नासपैकी सेहेचाळीस पक्के म्हणतोय” असे मावशीला फोनवर कळवून मोकळे झालेले असतात.

आणि नीट विचार करता, या वृत्तीबद्दल त्याला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही, कारण खुद्द सरकारची गणनापद्धती त्याच्याच बाजूची आहे. या परीक्षेचा निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो, आणि ते पर्सेंटाइल म्हणजे तुमच्या सत्रात तुमच्याइतके अथवा तुमच्याहून कमी गुण मिळवणारे उमेदवार शेकडा किती, एवढाच हिशेब, तोही दशांशचिन्हापुढे ७ स्थळांपर्यंत काटेकोर. तुम्हाला किती आले यापेक्षा इतरांना किती आले नाहीत, हे ज्या परीक्षेत मोलाचे, तिथे तिघांचे उत्तर बरोबर येणे ही आनंदवार्ता कशी असेल? जे तत्त्व परीक्षा कक्षाने सूत्रात मांडले, ते पडताळणीसाने उसाच्या रसाबरोबर आत्मसात केलेले असते.

त्याचे चुकते ते एवढेच की सत्राची हद्द त्याला मान्य नसते. संध्याकाळी दुपारच्या सत्राची मुले बाहेर पडतात, तेव्हाही तो फाटकाशी हजरच असतो. वास्तविक त्यांचे प्रश्न निराळे, आणि त्यांच्या गुणांचा याच्या पर्सेंटाइलच्या हिशेबाशी काडीमात्र संबंध नाही. तरीही “तुमची शिफ्ट सोपी होती म्हणे?” असे विचारल्यावाचून त्याच्याने राहवत नाही. सोपी होती असे कळले, की आपल्यावर अन्याय झाला म्हणून त्याची झोप उडते. अवघड होती असे कळले, तर त्या मुलांच्या चुका आपल्या खात्यावर जमा होणार नाहीत या हळहळीने ती पुन्हा उडते.