धुरा दिसेल एवढा पडदा : नवशिक्यांसाठी

साहित्य : 27 इंची फोर-के मॉनिटर एक, तळहातावर मावणारा रास्पबेरी पाय 4 संगणक एक, पाच व्होल्ट तीन अँपिअरचा टाइप-सी चार्जर एक, सल्ला देणारी माणसं किमान चार. शेवटचं साहित्य लाखनीत मागवावं लागत नाही. खोकं फाडल्याचा आवाज झाला की ते आपणहून ओसरीवर येऊन बसतं.

खरेदीचं कारण आधीच ठरवून ठेवावं, घरात विचारतातच. आमचं कारण गट नकाशा. आमच्याकडे धानाच्या बांध्या लहान, धुरे वाकडेतिकडे, आणि धुऱ्यावरून कधी बोलणं बंद झालं नाही असं घर शोधूनच काढावं लागेल. जुन्या पडद्यावर अख्ख्या गावाचा नकाशा बसवला की रेघा एकमेकींत कालवल्या जात. फोर-के म्हणजे 3840 आडवे आणि 2160 उभे ठिपके, एकूण 83 लाखांच्या आसपास. फुल एचडीच्या चौपट. "म्हणजे वावर चौपट दिसन का?" काकाजींनी विचारलं. वावर तेवढंच, काकाजी. रेघ बारीक.

आता जोडणी. 2019 साली आलेल्या या पायला एचडीएमआयची दोन भोकं आहेत आणि दोन्ही मायक्रो मापाची. घरातली टीव्हीची केबल त्यात जात नाही. जोर लावू नये. मिनी नावाचं आणखी एक मधलं माप असतं; मायक्रो मागितलं की हमखास तेच हातात पडतं. ते बदलायला भंडारा वीसेक किलोमीटर, तिथंही मिनीच निघालं तर थेट नागपूर, सीताबर्डी. केबल मिळाली की चार्जरच्या लगतच्या भोकात घाला. भोकं दिसायला जुळी, पण फोर-केचं चित्र सेकंदाला 60 वेळा फक्त याच थोरल्या भावाकडून निघतं.

पडदा उजळला म्हणून लगेच पेढे वाटू नका. आधी माउस हलवा. बाण कासऱ्याने ओढत आणलेल्या बैलासारखा मागून आला, तर चित्र सेकंदाला 30 वेळाच बदलतंय असं समजा. ज्यांना 30 आणि 60 यांतला फरक फालतू वाटतो त्यांनी बैलांच्या शंकरपटाला जावं. तिथं सेकंदाच्या शंभराव्या भागासाठी मंडपात आवाज चढतात, आणि 30 च्या पडद्यावर एकेक चित्रच तीन शतांश सेकंद ठाण मांडून असतं.

दुरुस्तीच्या जागा तीन. मेमरी कार्डावर कॉन्फिग नावाची फाइल असते. तिच्यात 'एचडीएमआय इनेबल फोरकेपी60 बरोबर 1' ही ओळ इंग्रजीत टाकायची, शब्दांमध्ये जागा न सोडता खालची रेघ. मी जागा सोडली होती. त्यात एक रविवार गेला. मग मॉनिटरचा स्वतःचा मेनू. कित्येक मॉनिटर पेटीतून निघताना एचडीएमआय 1.4 वर लावलेले असतात, ते 2.0 करावं लागतं. 1.4 हे 2009 चं माप. त्यातून सेकंदाला 10.2 गिगाबिट जातात. 83 लाख ठिपके, प्रत्येकाचे 24 बिट, सेकंदाला 60 वेळा, म्हणजे नुसतं चित्रच 12 गिगाबिटांच्या घरात भरतं. 2013 च्या 2.0 मध्ये 18 ची सोय आहे.

तिसरी जागा केबल, आणि माझं स्पष्ट मत आहे की सुरुवात इथूनच करावी. गावाला खेटून हजिरा ते पारादीप असा 53 नंबरचा महामार्ग जातो. पण वावरापर्यंत शेवटी पांदणच. पावसाळ्यात त्या पांदणीवर ट्रॅक्टर रुतला की महामार्ग कितीपदरी आहे हे कोणी विचारत नाही. माझी केबल ही तसली पांदण होती. पडदा दर दोन मिनिटांनी काळा होई, परत येई. चौघांपैकी तिघांनी मॉनिटर परत पाठवायला सांगितलं. चौथ्याने केबल उलटी करून लावायला सांगितलं, जे शक्यच नव्हतं. लहान आणि चांगली केबल आणली, प्रकरण मिटलं.

मधेच पडद्याच्या कोपऱ्यात विजेचं पिवळं चिन्ह चमकलं. काकाजी लाइनमनला फोन लावायला उठले. फोन लावू नये. यादीतला चार्जर मागवायचा राहून गेला होता आणि मोबाइलच्या चार्जरवर काम भागवलं होतं, एवढाच त्याचा अर्थ. (पाय 5 घेऊन सुटका होईल असं वाटत असेल तर सांगतो, तो पूर्ण ताकदीसाठी पाच अँपिअर मागतो.)

सगळं जमल्यावर सातबारा उघडला. अक्षरं मुंग्यांएवढी. मग सेटिंगमध्ये जाऊन सगळं दुप्पट केलं. अक्षरं पुन्हा जुन्या पडद्याएवढीच झाली, फक्त 'ष्ठ' आणि 'द्ध' पहिल्यांदा वेगवेगळे ओळखू आले. एवढ्यासाठी इतका पैसा का, हे घरात अजून विचारलं गेलेलं नाही.

शेवटी नकाशा लावला. रेघ केसासारखी बारीक. काकाजी जवळ आले, चष्मा पुसला, बराच वेळ पाहिलं.

"टेप आन," म्हणाले.

मी वावरात जायला चपला शोधू लागलो. त्यांनी टेप पडद्यावर लावला होता.